गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलेला गामा

अंगात नुकती रग आलेले पोरगे दंड फुगवून गल्लीतून चालायला लागले की ओट्यावर बसलेली म्हातारी माणसे त्याला हटकतात आणि स्वतःला गामा समजतोस की काय, असे विचारतात. पिंपळीपासून सणसरपर्यंत बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या कुठल्याही गावात हा टोमणा चालतो. हिंदूच्या घरात चालतो, मुसलमानाच्या घरातही चालतो. विचारणाऱ्याला आणि ज्याला विचारले त्याला गामा कोण हे नेमके माहीत असतेच असे नाही. जाऊन पासष्ट वर्षे उलटलेल्या एका पैलवानाचे नाव मराठी बोलीत असे मीठ-मिरचीसारखे मुरून गेले आहे.

गामा हे लाडाचे नाव. खरे नाव गुलाम मोहम्मद बक्ष. जन्म १८७८ चा, पंजाबात अमृतसर जिल्ह्यातला. घराणे मूळचे काश्मिरी आणि पिढीजात पैलवानांचे. वडील अझीझ बक्ष बुंदेलखंडातल्या दतिया संस्थानात दरबारी पैलवान होते. गामा पाच-सहा वर्षांचा असतानाच ते वारले. मग आधी आजोबांनी आणि त्यांच्यामागे मामा ईदा पैलवान याने पोराला हाताशी धरले. वडील नसलेल्या या पोराच्या खुराकाचा भार दतियाच्या महाराजांनी उचलला. मुसलमान पैलवानाचे पोर हिंदू राजाच्या पदरी वाढले, यात त्या काळी कोणाला काही विशेष वाटत नसे. पैलवान मातीचा, आणि माती ज्याच्या पदरी पडेल त्याची, असा तो हिशेब होता.

दहा वर्षांचा असताना जोधपूरच्या महाराजांनी भरवलेल्या बैठकांच्या चढाओढीत मामाने त्याला उभे केले. देशभरातून आलेले चारशेवर पैलवान, त्यात हे एवढेसे पोर. एकेक गडी मांड्या भरून येऊन बाजूला होत गेला आणि शेवटच्या पंधरांत गामा उरला. महाराजांनी चढाओढ थांबवली आणि त्याचे वय पाहून त्यालाच विजयी ठरवले. त्यानंतर म्हणे पोर आठवडाभर अंथरुणाला खिळून होते.

पुढे त्याच्या मेहनतीचे आकडे दंतकथेसारखे पसरले. रोज पाच हजार बैठका, तीन हजार जोर आणि चाळीस पैलवानांशी लढत. खुराकात दूध, तूप, बदाम, कोंबड्या. दुधाचे आणि कोंबड्यांचे आकडे सांगणाऱ्याच्या उत्साहाप्रमाणे वाढत जातात, त्यामुळे ते इथे देण्यात अर्थ नाही. तालमीत घाम गाळलेल्या माणसाला एवढे मात्र कळते की, पहाटे तीन-चारला उठून वर्षानुवर्षे एकही दिवस न चुकवता मेहनत करणे हे आकड्यापेक्षा अवघड आहे. गामाने ते जवळजवळ पन्नास वर्षे केले. उंची मात्र निसर्गाने बेताचीच दिली, पाच फूट सात इंच.

दरबारांचा आणि पैलवानांचा तो काळ मराठी मुलुखालाही जवळचा. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांची सत्ता होती. १९०२ च्या डिसेंबरात गामा कुस्त्यांसाठी तिथे गेला असताना त्याने एक अजस्र धोंडा उचलून छातीशी घेतला, असे सांगतात. तो धोंडा आज बडोद्याच्या सयाजीबागेतल्या संग्रहालयात ठेवला आहे आणि २३ डिसेंबर १९०२ रोजी गुलाम मोहम्मदने तो उचलल्याची नोंद त्यावर कोरलेली आहे. वजन १२०० किलो सांगतात. एवढे वजन एका माणसाने उचलणे शक्य आहे का, अशी शंका घेणारे आहेत आणि त्यांची शंका रास्त आहे. पाहायला गेलेला माणूस धोंड्याला हात लावून येतोच.

हिंदुस्थानातले सगळे नामांकित पैलवान गामाने एकेक करून पाडले. एकच गडी राहिला, गुजरांवालाचा रहीम बक्ष सुलतानीवाला. उंची सात फुटांच्या जवळपास, वयाने थोरला, नाव आधीच गाजलेले. गामा सतरा वर्षांचा असताना या दोघांची पहिली गाठ पडली. लोकांना वाटले, हे पोर चिमटीत सापडणार. कुस्ती तासन्‌तास चालली. गामाच्या नाकातून रक्त आले, पण तो खाली गेला नाही. लढत बरोबरीत सुटली आणि त्या दिवसापासून त्याचे नाव हिंदुस्थानभर झाले.

१९१० साली शरतकुमार मित्र या बंगाली धनिकाच्या पैशावर गामा, त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि आणखी दोन पैलवान लंडनला निघाले. आर. बी. बेंजामिन नावाचा कुस्त्यांचा ठेकेदार त्यांना घेऊन गेला. जगातल्या नामी मल्लांची स्पर्धा तिथे भरली होती. गामाला प्रवेशच नाकारण्यात आला. कारण दिले उंचीचे, हा गडी वजनी मल्लांपुढे खुजा दिसतो. मग त्याने उघड आव्हान दिले की, कुठल्याही वजनाचे कोणतेही तीन मल्ल अर्ध्या तासात पाडून दाखवतो. लोकांना ती थाप वाटली. कोणी पुढे आले नाही.

ते वर्षच विलक्षण होते. त्याच जुलैच्या ४ तारखेला अमेरिकेत रीनो गावी जॅक जॉन्सन या कृष्णवर्णी मुष्टियोद्ध्याने जिम जेफ्रीज या गोऱ्या माजी विजेत्याला लोळवले होते. जॉन्सन १९०८ पासून हेवीवेट गटाचा जगज्जेता होता आणि गोऱ्यांची प्रतिष्ठा परत मिळवायची म्हणून निवृत्त जेफ्रीजला खास उभे केले होते. निकाल लागल्यावर अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली उसळल्या, माणसे मेली. १९१५ मध्ये जॉन्सन हरला आणि त्यानंतर १९३७ पर्यंत, जो लुईसची पाळी येईतो, एकाही कृष्णवर्णी मुष्टियोद्ध्याला त्या किताबासाठी लढूच दिले गेले नाही. गामा लंडनच्या दारात उभा होता तो अशा हवेत. सत्ता इंग्रजांची, स्पर्धा इंग्रजांची, आणि दारात हा हिंदुस्थानी गडी.

शेवटी बेंजामिन रोलर या अमेरिकन मल्लाने आव्हान घेतले. रोलर पेशाने डॉक्टर आणि अंगाने धिप्पाड. पहिल्या वेळी तो १ मिनिट ४० सेकंदांत चीत झाला, दुसऱ्या वेळी ९ मिनिटे १० सेकंदांत. दुसऱ्या दिवशी गामाने एकापाठोपाठ बारा मल्ल पाडले. त्यानंतर उंचीचा प्रश्न कोणी काढला नाही.

आता समोर आला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. जवळपास गामाच्याच उंचीचा, पण वजनाने कितीतरी जड, बैलासारख्या मानेचा. तारीख होती १० सप्टेंबर १९१०. हिजरी सन १३२८, रमजानचा पहिला आठवडा. प्रवासात असलेल्याला रोजा पुढे ढकलून नंतर भरून काढण्याची सवलत असते, आणि गामा घरापासून हजारो मैलांवर होता.

कुस्ती सुरू झाली आणि मिनिटभरात गामाने झिबिस्कोला खाली घेतले. पुढे जे झाले त्याला आपल्याकडच्या फडात लोकांनी हुर्यो केला असता. झिबिस्को गादीला पालथा चिकटला आणि उठायलाच तयार होईना. गामा त्याला उलटवायला जाई, तो आणखी घट्ट चिकटे. असे दोन तास पस्तीस मिनिटे चालले. मधूनमधून उठला तेवढाच. एवढ्या जड माणसाने सारे बळ फक्त न पडण्यासाठी लावले, तर त्याला पाठीवर टाकणे किती कठीण असते हे पैलवानच जाणे. अखेर कुस्ती बरोबरीत सोडवली आणि फेरलढतीसाठी १७ सप्टेंबरची तारीख दिली.

१७ तारखेला गामा आला. झिबिस्को आलाच नाही. जॉन बुल पट्टा गामाला देण्यात आला. जॉन बुल हे इंग्रजांनी स्वतःलाच दिलेले लाडके नाव. त्या नावाचा कमरपट्टा बांधून गुलाम देशातला गुलाम मोहम्मद मायदेशी निघाला, ही गोष्ट इथल्या लोकांनी पुढे कितीतरी वर्षे चवीने सांगितली. अमेरिकेचा जगज्जेता फ्रँक गॉच याच्याशी लढण्याची गामाची तयारी होती. गॉचने ते आव्हान घेतले नाही. तोवर इमामबक्षनेही तिथे नाव काढले होते. स्विस मल्ल जॉन लेम याला त्याने पाडले.

परत आल्यावर अलाहाबादेत पुन्हा रहीम बक्ष समोर उभा राहिला. आता गामा सतरा वर्षांचा पोरगा नव्हता. लांबलेली कुस्ती त्याने मारली आणि रुस्तम-ए-हिंद झाला. पुढे मोठ्या मनाने तो सांगत असे की, आपल्याला सगळ्यांत जड गेलेला गडी रहीम बक्षच. झिबिस्कोचे नाव त्याने घेतले नाही.

कोल्हापूरशी या घराण्याचे नाते जुळले ते याच सुमारास. शाहू महाराजांनी १९०२ च्या विलायत प्रवासात रोमचे जुने रिंगण पाहिले आणि तसे मैदान कोल्हापुरात बांधायचे मनावर घेतले. खासबाग मैदान १९१२ मध्ये तयार झाले आणि तिथल्या पहिल्या मोठ्या कुस्तीत गामाचा भाऊ इमामबक्ष उतरला. समोर गुलाम मोहिद्दीन. पंजाबचे दोन मुसलमान पैलवान, मराठा छत्रपतींचे मैदान आणि चहूबाजूंनी बसलेला पंचक्रोशीतला शेतकरी. उत्तरेकडचे वस्ताद कोल्हापूरला येत राहिले, त्यांचे डाव इथल्या पोरांनी उचलले. आजही खेड्यातल्या तालमीत मारुतीच्या तसबिरीखाली मुसलमान पोरगे लंगोट कसते आणि मातीला हात लावून कपाळी नेते. त्या सवयी अशा फडांवर घडल्या.

१९२२ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आलेल्या प्रिन्स ऑफ वेल्सने गामाला चांदीची गदा दिली. तोवर तो पतियाळाच्या महाराजा भूपिंदरसिंगांच्या आश्रयाला होता. लढायला समोर गडी उरला नव्हता. झिबिस्को मात्र अजून होता. दरम्यान त्याने १९२१ मध्ये अमेरिकेत जगज्जेतेपद मिळवले होते, म्हणजे लंडनला जो गादीला चिकटला तो काही साधासुधा मल्ल नव्हता. अठरा वर्षांनी, २९ जानेवारी १९२८ रोजी, दोघे पतियाळात पुन्हा समोरासमोर आले. दोघेही पन्नाशीला टेकलेले. हजारोंचा जमाव जमला होता. कित्येक जण दूरदूरच्या गावांतून दोन तासांची कुस्ती पाहायची म्हणून आले होते. सलामी झाली, हात भिडले, आणि मिनिटाच्या आत झिबिस्को पाठीवर पडला. मागे बसलेल्यांना काय झाले ते कळलेही नसेल. झिबिस्कोने हार मोकळेपणाने मानली आणि गामाची तारीफ केली. पुढच्याच वर्षी जेसी पीटरसन नावाचा मल्ल आला, तोही दीड मिनिटात गेला. रुस्तम-ए-जमाना हे बिरूद आता कोणी अडवू शकत नव्हते.

कारकीर्द इथे संपली असे म्हणता येईल. सबंध आयुष्यात एकही कुस्ती न हरलेला पैलवान म्हणून त्याची नोंद झाली आणि बहुतेक लेख तिथेच थांबतात. पण गामाने कमावलेल्या नावाचा आणि अंगाचा खरा कस लागला तो याच्या वीस वर्षांनंतर, आणि तिथे समोर मल्ल नव्हता.

१९४७ साली गामा लाहोरच्या मोहनी रोडवर राहत होता. वय एकोणसत्तर. त्याआधी दोन वर्षांपूर्वीच त्याचा धाकटा मुलगा तेराव्या वर्षी वारला होता आणि त्या धक्क्याने तो काही दिवस अबोल झाला होता. लाहोरात हिंदू आणि शीख मिळून वस्तीचा सुमारे तिसरा हिस्सा होते. उन्हाळ्यापासूनच शहर पेटले होते. बाजार जळत होते, मोहल्ल्यांवर जमाव चालून जात होते. पलीकडे अमृतसरात मुसलमानांवर तीच पाळी होती, आणि अमृतसर तर गामाचा जन्मजिल्हा. तिकडून लुटून, माणसे गमावून आलेले लोक लाहोरात उतरत होते. सूड घ्यायला निघालेल्या जमावाला कारणे हवी असतात, ती त्यांच्याकडे होती. देशाचे दोन तुकडे झाले तो ऑगस्टचा मध्य रमजानच्या अखेरच्या दिवसांत आला. ज्या रात्रींत लैलतुल कद्र शोधावी, रात्रभर जागून माफी मागावी, त्या रात्री पंजाबात धूर निघत होता.

मोहनी रोडवर गामाच्या शेजारी हिंदूंची घरे होती. लाहोरच्या आठवणींत पुढची हकीकत सांगितली जाते ती अशी. जमाव गल्लीकडे आला तेव्हा गामा आपल्या पैलवानांना घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. या गल्लीतले लोक माझे भाऊ आहेत, त्यांच्या अंगाला हात लावायचा तर आधी माझ्याशी गाठ आहे, हे त्याने जमावाला स्पष्ट सांगितले. जमावाचा म्होरक्या पुढे सरसावला. गामाने त्याला एक थप्पड मारली. एवढेच. चाळीस-चाळीस गड्यांशी रोज लढलेल्या माणसाची ती थप्पड होती. जमाव परत फिरला.

हे धाडस अंगाच्या ताकदीचे होते का? एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला शेकडोंचा जमाव कधीही लोळवू शकला असता. तो लोळला नाही, कारण जमावातल्या प्रत्येकाने लहानपणापासून गामाचे नाव ऐकले होते आणि ते आपल्यातल्याच सगळ्यांत मोठ्या माणसाचे नाव होते. गामा मुसलमान होता म्हणून त्याच्यावर हात टाकणे अवघड होते. तो दुसऱ्या धर्माचा असता तर गोष्ट कदाचित वेगळी झाली असती. लंडन आणि पतियाळाला मिळवलेले नाव त्याने त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी पणाला लावले, आणि ते आपल्याच माणसांपुढे लावले. शत्रूपुढे छाती काढणे सोपे असते. तालमीतली पोरे रोज ते करतात.

शेजाऱ्यांना पुढे लाहोर सोडावेच लागले. गामाने त्यांच्यासोबत माणसे देऊन त्यांना सरहद्दीपर्यंत पोहोचवले आणि आठवडाभराचा शिधा स्वतःच्या खर्चाने बांधून दिला. त्याची स्वतःची हालत तेव्हा काही बरी नव्हती.

फाळणीने गामाचे काय नेले हे पाहायचे तर नकाशा पुरतो. ज्या राजांच्या पदरी तो वाढला आणि राहिला ती दतिया, पतियाळा ही संस्थाने रेषेच्या अलीकडे राहिली, आणि वर्ष-दोन वर्षांत ती विलीन होऊन संपलीही. लाहोरात पैलवान पोसणारा दरबार नव्हता. नव्या सरकारने थोडी जमीन आणि निवृत्तिवेतन दिले, पण आजारपणात ते पुरेना. त्याला पाच मुलगे आणि चार मुली झाल्या होत्या. मुलगे सारे लहान वयातच गेले. घराण्याचे नाव पुढे चालवले ते इमामबक्षच्या मुलांनी. त्यांतला भोलू पाकिस्तानचा मोठा पैलवान झाला. गामाच्या मुलीकडून झालेली नात कुलसूम पुढे नवाज शरीफ यांची पत्नी झाली. पण ते सारे त्याच्या मागून.

शेवटच्या वर्षांत दमा आणि हृदयविकार मागे लागला. ज्या माणसाने पतियाळात मिनिटाभरात निकाल लावला होता, त्याला खाटेवरून उठायला हात द्यावा लागे. जवळचे विकून औषधपाणी चालले होते. त्याच्या आजारपणाची आणि तंगीची बातमी सरहद्द ओलांडून आली तेव्हा कुस्तीचे शौकीन असलेले उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांनी त्याला रोख रक्कम पाठवली आणि दरमहा ठरावीक मदत सुरू केली. दोन्ही देशांत तेव्हा काश्मीरवरून लढाई होऊन गेली होती आणि संबंध ताणलेलेच होते. तरी ते पैसे हिंदुस्थानातून लाहोरला जात राहिले. २३ मे १९६० रोजी गामा लाहोरात वारला.